हायस्कूलच्या पोटातलं कॉलेज

कोल्हापुरात भवानी मंडपालगत भाऊसिंगजी रोडवर मेन राजाराम हायस्कूलची इमारत आहे. आखणी मेजर मॅन्टची, नाव 1870 मध्ये फ्लॉरेन्समध्ये ऐन विशीत वारलेल्या राजाराम छत्रपतींचं. 1880 मध्ये या हायस्कूललाच कॉलेजचा पहिला वर्ग जोडला गेला. त्याला तेव्हा ‘प्रीव्हियस’ म्हणत. राजाराम कॉलेजची सुरुवात ही अशी, शाळेच्या पोटातून.

गोपाळ कृष्ण गोखले 1881 मध्ये मॅट्रिक झाले आणि इथंच कॉलेजात बसले. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. थोरल्या भावानं शिक्षण सोडून नोकरी धरली आणि महिन्याच्या 15 रुपयांतले 8 रुपये धाकट्याला पाठवले. अशा घरात कॉलेजचं एक-एक वर्ष पैशांत मोजलं जातं. शेवटच्या वर्षासाठी मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये जाऊन गोखले 1884 मध्ये बी.ए. झाले, वय 18!

त्या काळी मॅट्रिकची परीक्षाच मुंबई विद्यापीठ घेई. शाळेतल्या पोराचा पेपर विद्यापीठ तपासायचं, याचं कुणाला नवल वाटत नसे. पुढं कॉलेजनं वेगळी चूल मांडली, विद्यानगरात गेलं. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं. अकरावी मॅट्रिकनंतर प्री-डिग्री करणारा मुलगा विद्यापीठाचा विद्यार्थी असे. मग 10+2+3 चा आकृतिबंध आला, 1975 मध्ये दहावीची पहिली बॅच बाहेर पडली, आणि त्याच वयाचा मुलगा बोर्डाच्या ताब्यात गेला. वर्ग कॉलेजात, हजेरी कॉलेजात, घरी सांगायचं ‘कॉलेजला चाललो’. पण पदवीच्या खात्यावर शून्य. मेन राजारामलाही ज्युनिअर कॉलेज आहेच.

याउलट अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे विषय घेऊन क्रेडिट मिळवण्याची सोय 1950 च्या दशकापासून आहे. आपल्याकडं 2021 मध्ये क्रेडिट बँक आली, 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा: 1200 तासांचं वर्ष, 40 क्रेडिट, आणि त्यात शालेय वर्षंही धरलेली. कागद चांगला आहे. पण बारावीच्या फिजिक्सला पहिल्या वर्षाच्या पेपरात सूट मिळाली, असं सांगणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

गंमत म्हणजे ही सूट एका वाटेवर कधीचीच मिळते, आणि ती वाट हुशार म्हणवणाऱ्यांची नाही. दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय किंवा बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम (एमसीव्हीसी) केलेला मुलगा पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसू शकतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. कोल्हापुरात याला ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणतात; क्रेडिट हा शब्द कुणी उच्चारत नाही. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला लागायचं असेल, तर वाचलेलं ते वर्ष म्हणजे बारा पगार.