अकरा ओळी

मागच्या वेळी आपण २००६च्या जेक्वेरीपाशी थांबलो होतो. आज एकदम २२ मार्च २०१६. अझेर कोचुलू या प्रोग्रामरचं 'किक' नावाचं पॅकेज होतं. त्याच नावाच्या कंपनीनं हक्क सांगितला आणि एनपीएम या सामायिक भांडारानं नाव कंपनीला देऊन टाकलं. हा चिडला, आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस काढून घेतली. त्यांतलं एक 'लेफ्ट-पॅड', अकरा ओळींचं. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे भर घालायची. ५ चं ००५ करायचं, बस्स! पण बॅबेल त्याच्यावर टेकलेलं, आणि रिॲक्टवाले बॅबेलवर. जगभर बिल्ड अडले. अडलेल्यांपैकी अनेकांना आपण हे वापरतो याचा पत्ताही नव्हता, बरं का!

दोनेक तासांत एनपीएमनं जुनी प्रत परत आणली. परवाना मोकळा होता, तेव्हा कायद्याची अडचण नव्हती. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना प्रश्न पडतो तो वेगळाच: फुकट दिलेलं परत मागता येतं का? आमच्या मते नाही. पण मग दिलेलं नाव काढून घेणं तरी भांडाराला कसं शोभलं?

पुढे पॅकेज २४ तासांनंतर मागे घेण्यावर एनपीएमनं बंधनं घातली. २०१७च्या जावास्क्रिप्टमध्ये 'पॅडस्टार्ट' आलं. तेच काम आता भाषेतच होतं.