गार्डिनलची कुळकथा

गार्डिनल हे नाव ज्या घरात ठाऊक असतं, त्या घरात कुणाला तरी फिट येते किंवा कधीकाळी येत होती. फडताळातल्या डब्यात नाहीतर देवाच्या फोटोमागे ठेवलेली बारक्या पांढऱ्या गोळ्यांची पट्टी आणि रात्रीचं जेवण झालं की त्यातली एक. परंड्यापासून उमरग्यापर्यंत धाराशिव जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ आहेत, फक्त ती बोलत नाहीत. औषधाचं शास्त्रीय नाव फिनोबार्बिटोन. वय शंभराच्या पुढे. या गोळीचं कूळ शोधायला निघालं, तर वाटेत हुशारीपेक्षा योगायोगच जास्त भेटतात.

गोळीच्या आधी चप्पल होती, आणि ती अजून गेलेली नाही. एसटी स्टँडवर एखादा माणूस कोसळतो. डोळे फिरतात, अंग लाकडासारखं ताठ होतं, घशातून विचित्र आवाज येतो. मग हातपाय झडू लागतात, तोंडाला फेस येतो. गर्दीतला एक जण पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावतो, दुसरा भेळेच्या गाडीवरून कांदा फोडून आणतो, तिसरा मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. मिनिटा-दोन मिनिटांत झटके थांबतात, माणूस घोरायला लागतो आणि चपलेला गुण येतो. खरं तर बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबते. चप्पल लावली तरी, न लावली तरी. म्हणून तिचा गुण हमखास दिसतो. प्रश्न असतो पुढची फिट अडवण्याचा, आणि तिथे चपलेचं काही चालत नाही.

हा रोग शरीराचा आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी सांगून झालं होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्माराला, म्हणजे फिटच्या रोगाला, स्वतंत्र अध्याय आहे. वात, पित्त, कफ आणि तिन्ही मिळून असे चार प्रकार तिथे सांगितले आहेत, औषधी तुपं दिली आहेत. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनीही ठणकावलं होतं की, या रोगात इतर रोगांपेक्षा जास्त दैवी असं काही नाही. तरीही पुढची फिट बऱ्यापैकी खात्रीने अडवणारं औषध मिळायला १८५७ साल उजाडलं, आणि ते मिळालं चुकीच्या तर्कातून.

लंडनच्या वैद्यकीय सभेत त्या वर्षी अपस्मारावर निबंध वाचला गेला. अध्यक्षस्थानी होते सर चार्ल्स लोकॉक, व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ. कामवासनेच्या अतिरेकाने फिट येते, अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. पोटॅशियम ब्रोमाइडने वासना मंदावते, असं लोकॉक यांच्या वाचनात आलं होतं. म्हणून पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या बायकांना त्यांनी ते दिलं आणि पंधरा-एक जणींत एकीलाच गुण आला नाही, असं सभेत सांगितलं. तर्क साफ चुकीचा, पण औषध चाललं. पुढची पन्नासेक वर्षं ब्रोमाइडचीच होती. अंगावर पुरळ, बधिर झालेलं डोकं, सुस्ती हे सगळं सोसून लोक ते घेत राहिले.

गार्डिनलचं माहेर मात्र रसायनशाळेतलं. १८६४ मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बार्बिट्युरिक आम्ल तयार केलं. त्याचा तेव्हा कशालाच उपयोग नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी त्यातून व्हेरोनाल नावाची झोपेची गोळी काढली. तिचीच धाकटी बहीण म्हणजे फिनोबार्बिटोन. बायर कंपनीने ते १९१२ मध्ये ल्युमिनाल या नावाने बाजारात आणलं, तेही झोपेसाठीच.

त्याच वर्षी फ्रायबुर्गच्या रुग्णालयात आल्फ्रेड हाउप्टमान हा तिशीतला डॉक्टर काम करत होता. त्याची राहण्याची खोली फिटच्या रुग्णांच्या वॉर्डाला लागून होती आणि रात्री-अपरात्रीच्या गोंधळाने त्याचा डोळा लागत नसे, असं सांगतात. रुग्ण शांत झोपावेत म्हणून त्याने त्यांना हे नवं औषध दिलं. ते झोपले, पण त्याशिवाय त्यांच्या फिटही कमी झाल्या, आणि त्या दिवसासुद्धा कमी झाल्या. एखादा ‘चला, झोप तरी मिळाली’ म्हणून गप्प बसला असता. हाउप्टमानने नोंदी पाहिल्या, आधी किती आणि आता किती हे ताडून बघितलं आणि लेख छापला. पुढे हाले विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. पण ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्याची खुर्ची गेली. देश सोडून तो अमेरिकेला पोचला आणि १९४८ मध्ये बॉस्टनला वारला. फ्रान्समध्ये हेच औषध ‘गार्डेनाल’ म्हणून विकलं गेलं. आपल्या तोंडी रुळलेलं गार्डिनल ते हेच.

योगायोगावर न विसंबता औषध हुडकण्याचं मोठं काम बॉस्टनमध्ये झालं. ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेचे सौम्य धक्के देऊन एकेक रसायन पारखलं आणि १९३८ मध्ये फेनिटोइन पुढे आणलं. झोप न आणताही फिट थांबवता येते, हे त्यामुळे कळलं. तरी योगायोगाची सद्दी संपली नव्हती. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर एमार वेगळीच औषधं तपासत होता. ती विरघळवायला व्हॅल्प्रोइक आम्ल वापरलं होतं. कुठलंही औषध दिलं तरी फिट थांबते, हे पाहून त्याचं लक्ष त्या द्रावकाकडेच गेलं. आजचं व्हॅल्प्रोएट ते हेच.

न मोजता श्रेय देण्याची खोड एसटी स्टँडवरच्या गर्दीलाच असते असं नाही. भारतात सीटी स्कॅन आला तेव्हा फिटच्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एक छोटा ठिपका दिसू लागला. टीबीची गाठ असणार असं धरून डॉक्टर टीबीची औषधं देत. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की ठिपका गायब, आणि श्रेय टीबीच्या गोळ्यांना. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले मेंदूशल्यविशारद वेदान्तम राजशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी असे ठिपके शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बहुतेकांत सापडली ती पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची अळी. ती मेंदूत मरते, भोवती सूज येते, त्या सुजेमुळे फिट येते आणि मग ठिपका बऱ्याचदा आपोआप विरतो. टीबीच्या गोळ्यांनी इथे चपलेचंच काम केलं होतं. अळीची अंडी पोटात जातात ती घाण पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीतून. डुकराचं मांस आयुष्यात न खाल्लेल्यालाही हा आजार होतो, तो त्यामुळेच.

मोजण्याचं काम मुंबईतही झालं. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींतल्या १४,०१० माणसांची पाहणी केली. त्यात ६६ जणांना अपस्मार निघाला, म्हणजे हजारी ४.७. हे निष्कर्ष १९८८ मध्ये छापून आले.  अपस्माराच्या देशभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर आकडा हजारी पाचाच्या आसपास येतो. २०११च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती. ढोबळ हिशेबाने आठ हजार माणसं होतात.

एवढ्यांना मेंदूतज्ज्ञ कुठून मिळायचे? तुळजापूरकर सोलापूर गाठतात, बाकीचे लातूर नाहीतर पुणे. इथेच गार्डिनलची म्हातारी गोळी कामाला येते. ती स्वस्त आहे, आणि रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून दिवसातून एकदा घेतली तरी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तेव्हापासून ती त्या यादीत आहे. कर्नाटकातल्या येळंदूर भागात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या रुग्णांना फिनोबार्बिटोन किंवा फेनिटोइन देऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. साध्या गोळ्यांवर बहुसंख्यांच्या फिट काबूत राहतात, हे त्यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं. गोळीला खोट नाही असंही नाही. सुस्ती येते, काही मुलं चिडचिडी होतात, अभ्यासातलं लक्ष उडतं. नवी औषधं या बाबतीत सरस आहेत. कुणाला कोणती द्यायची, हे डॉक्टरने ठरवायचं.

माणसांचं मत बदलायला गोळीपेक्षा जास्त वेळ लागला. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा वेडाच्या झटक्यांच्या जोडीने लग्नाला अडसर ठरवला गेला. तेव्हा फिटवर गोळी सापडून चौसष्ट वर्षं झाली होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला. कायद्यातून गेला, पण स्थळं बघणाऱ्यांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. म्हणून मुलीची गोळी लपवली जाते, लग्नाच्या धामधुमीत बंद केली जाते आणि मांडवातच फिट येते. गोळी एकदम तोडली की कधी कधी फिट थांबायचं नाव घेत नाही, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

तेव्हा एवढं करा. फिट आली तर चप्पल पायातच राहू द्या. माणसाला कुशीवर वळवा, दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटं उलटली तर थेट दवाखाना गाठा. गोळी मनाने बंद करू नका, आणि लग्न किंवा बाळ मनात असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. भिंतीवरच्या ज्या कालनिर्णयावर दुधाचा खाडा लिहिता, त्याच चौकोनात फिटची तारीख आणि वेळ लिहा, आणि तपासणीला जाताना ती पानं बरोबर न्या. गोळी लागू पडते आहे की नाही, हे डॉक्टरला त्यावरूनच कळेल.