मालकाच्या नावाचा व्हिसा : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

‘ऑनसाइट’, ‘पिटिशन’, ‘स्टॅम्पिंग’ हे शब्द पुण्यात आता कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. हिंजवडीत जेवणाच्या सुट्टीत ते ऐकू येतात आणि कोथरूडच्या घरांत आजी-आजोबांच्याही तोंडी असतात. पण शब्द जितके ओळखीचे, तितकी त्यांच्यामागची व्यवस्था अपरिचित आहे. परक्या देशात राहण्याची परवानगी माणसाच्या पासपोर्टावर उमटते, परंतु ती मिळते मालकाच्या अर्जावर. नोकरी सुटली की राहण्याचा हक्कही डळमळतो. या बांधणीचा अभ्यास म्हणजे प्रायोजित स्थलांतराचा अभ्यास. कायदा, श्रमाचे अर्थशास्त्र, कुटुंबव्यवस्था, भाषाशिक्षण यांपैकी कोणत्याही वाटेने येथे येता येते, आणि येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत आहे.

या विषयाचे एक मूळ पुण्यातच आहे, याची आठवण अभ्यासकाने ठेवावी असे मला वाटते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवलेले आणि १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतील नाताळला जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव मांडला. तो स्वीकारला गेला आणि जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच मुळापासून बंद करावी असा ठराव आणला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. गोखले १९१५ साली गेले. सगळीच भरती थांबली ती १९१७ मध्ये. त्यांचा आक्षेप परदेशी जाण्यावर नव्हता. अटी नीट न कळलेला मजूर वर्षानुवर्षे एकाच मालकाशी बांधला जातो, त्याला मालक बदलता येत नाही आणि कामात कसूर झाली तर थेट फौजदारी शिक्षा होते, यावर त्यांनी बोट ठेवले होते.

आजचा संगणक अभियंता गिरमिटिया, म्हणजे तसा करारबद्ध मजूर, नाही. दोघांना एकाच मापाने मोजणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. हा अभियंता करार वाचतो, राजीनामा देऊ शकतो, विमानाने परतू शकतो. तरीही गोखल्यांच्या युक्तिवादातून निघणारे तीन प्रश्न आजही प्रत्येक देशाच्या कायद्याला विचारता येतात. परवानगी कोणाच्या हाती आहे? खर्च कोण सोसतो? आणि मालक सोडायचा झाला तर काय होते?

अमेरिकेचा एच-वन-बी हा कामाचा व्हिसा घ्या. १९९० च्या कायद्याने त्याला आजचे रूप दिले. वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकी विद्यापीठांतून मास्टर्स किंवा त्यावरचे शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. मागणी त्याहून जास्त असल्याने निवड करावी लागते. अर्ज मालकाचा असतो. त्याआधी त्याला पदाचे नाव, कामाचे ठिकाण आणि वेतन लिहून अमेरिकी श्रम खात्याची मान्यता घ्यावी लागते. सन २००० च्या दुरुस्तीने मालक बदलणे सोपे केले. नव्या मालकाने रीतसर अर्ज दाखल केला की तेथे काम सुरू करता येते. मात्र नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत नवा मालक शोधावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. मुलांची शाळा, गाडीचे हप्ते, पुण्यातल्या फ्लॅटचे कर्ज, सगळे त्या ६० दिवसांत येते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचा भार टाकला. बोजा मालकावर, पण त्यामुळे दार बंद होते ते उमेदवाराचे.

ब्रिटनमध्ये सरकारने परवाना दिलेल्या मालकांची यादी सर्वांना पाहता येते. यादीत नाव नसलेली कंपनी तुम्हाला बोलावूच शकत नाही. जुलै २०२५ मध्ये तेथे कुशल कामगारांसाठीची वेतनाची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर गेली आणि वृद्ध-रुग्णसेवेसाठी परदेशातून नवी भरती थांबली. जर्मनीची दिशा वेगळी. तेथे जून २०२४ पासून पात्र माणसाला मालक हाती नसतानाही वर्षभर नोकरी शोधायला जाता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. पुण्याला येथे मोठा आधार आहे तो रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेल्या जर्मनचा. भाषा हाही व्हिसाचा एक कागदच आहे, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरेसे मनावर घेतलेले नाही.

भारतीय बाजू पाहिली की एक मोठी पोकळी दिसते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने भरती एजंटाला नोंदणी सक्तीची केली आणि त्याच्या शुल्कावर मर्यादा घातली. पण प्रत्यक्ष परवानगी तपासली जाते ती मुख्यतः दहावी न झालेल्यांची, तीही ठरावीक १८ देशांसाठी. दहावी झालेल्याचा पासपोर्ट त्या तपासणीतून सुटतो. त्यामुळे रत्नागिरीहून कुवेतला जाणाऱ्या गवंड्याचा करार कुठेतरी नोंदला जातो, आणि हिंजवडीहून टेक्सासला जाणाऱ्या अभियंत्याचा आपल्या सरकारदरबारी मागमूस राहत नाही. त्याच्या वेतनाचा आकडा शोधायचा तर अमेरिकी श्रम खात्याच्या जाहीर नोंदी उघडाव्या लागतात. ज्याला राज्य दुबळा मानते त्याचीच ते नोंद ठेवते. सुशिक्षिताचीही फसवणूक होते, हे गृहीतच धरलेले नाही.

नोकरी शोधणाऱ्या तरुण वाचकासाठी या अभ्यासाचा उपयोग थेट आहे. पुण्यात बसून परक्या कंपनीला अर्ज करणे ही सर्वांत अवघड वाट आहे. आपल्याच कंपनीच्या परदेशी कचेरीत बदली, किंवा तेथे शिकून मग नोकरी, या वाटांनी जाणे त्या मानाने सोपे. ब्रिटनची यादी आणि अमेरिकी नोंदी अभ्यासकाइतक्याच उमेदवाराच्याही कामाच्या आहेत : कोणता मालक कोणत्या पदासाठी किती पगारावर माणसे नेतो, हे तेथे कळते. आणि मालकाने द्यायचे स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र पैसे घेऊन विकणारा माणूस, मग त्याची कचेरी शहराच्या कितीही चांगल्या रस्त्यावर असो, तुम्हाला फसवतो आहे.

केरळात तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून घरोघरी जाऊन स्थलांतराची पाहणी केली, आणि त्या राज्याला आपली माणसे कुठे, कोणत्या कामावर आहेत हे कळत गेले. १९३० पासून पुण्यात असलेल्या गोखले इन्स्टिट्यूटच्या शहराने असे सातत्याचे काम हाती घेणे अगदी उचित ठरेल. परदेशी मराठी मंडळांच्या स्मरणिका आपण जपतो. त्यांत गणेशोत्सव असतो, करार नसतो. म्हणून वाचकांना एक विनंती. घरात जुनी ऑफर लेटर, मालकाच्या अर्जाच्या प्रती, पगाराच्या पावत्या, नोकरी सुटल्यावरची पत्रे असतील तर ती रद्दीत घालू नका. नावे झाकून का होईना, ती एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या हवाली करा.