'ता बटण खंय गेला?' : ॲप बनवणाऱ्यांच्या पडद्यांचा इतिहास

इन्सुलीतून बोलतोय. ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही टाकतोय. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच.

आमच्या गावातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. २०१० साली देशभरातल्या महामार्गांना नवे नंबर दिले, तेव्हा १७ चा ६६ झाला. त्यानं कोणाचं काही अडलं नाही, कित्येकजण आजही १७ च म्हणतात. पण चौपदरीकरण आलं तेव्हा रस्ता कुठे ओलांडायचा, गाडी कुठे वळवायची, हे सगळं नव्यानं शिकावं लागलं. पाटी बदलणं वेगळं आणि रस्त्याची मांडणी बदलणं वेगळं. आजचा विषय दुसऱ्या प्रकारातला आहे.

ज्यांनी प्रोग्रॅमिंग शिकलेलं नाही अशा माणसांना स्वतःचं ॲप बनवता यावं म्हणून काही प्लॅटफॉर्म असतात. बटण ओढा, इथे ठेवा, दाबल्यावर काय व्हायचं ते जोडा, झालं ॲप. मग एके दिवशी कंपनीकडून निरोप येतो, 'नवं रूप, आता आणखी सोपं!' आणि त्याच दिवशी इकडे कोणीतरी पडद्याकडे बघत विचारतं, "ता बटण खंय गेला रे?"

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न बालिश वाटतो. मला वाटत नाही. ज्याला प्रोग्रॅमिंगची भाषा येते त्याचं ज्ञान डोक्यात असतं, पडदा बदलला तर तो दोन दिवस कुरकुरतो आणि कामाला लागतो. ओढाओढी करून ॲप बनवणाऱ्याचं ज्ञान जागेत असतं. डावीकडचा तिसरा कप्पा, त्यातला वरून दुसरा ठोकळा. त्यात मेनू इंग्रजीत आणि शाळा मराठी माध्यमाची असेल तर शब्दापेक्षा जागा आणि रंगच जास्त लक्षात राहतात. जागा हलली की शिकलेलंच हलतं.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कुठे घडलं ते बघू. ॲलन कूपर नावाच्या माणसानं, पडद्यावरच्या वस्तू ओढून हवी ती मांडणी करता येईल असं एक साधन बनवलं आणि १९८८ मध्ये ते बिल गेट्सना दाखवलं. मायक्रोसॉफ्टनं ते घेतलं, त्याला बेसिक ही सोपी भाषा जोडली आणि १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. कोऱ्या फॉर्मवर बटण ठेवायचं, त्यावर डबल क्लिक करायचं, आत दोन ओळी लिहायच्या. १९९८ ची सहावी आवृत्ती तर आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांवर कायमची जाऊन बसली. तुमच्या घरात कोणी त्या काळात क्लास लावला असेल तर विचारा, 'व्हीबी' म्हटल्यावर डोळे चमकतील. दुकानाची बिलं, पतसंस्थेची खाती, शाळेची फी, अशी कितीतरी छोटी कामं या पडद्यावर बनलेल्या प्रोग्रॅमवर चालायची.

मराठीत काम करणाऱ्यांना तिथे एक जास्तीची कसरत करावी लागे. व्हीबीच्या सहाव्या आवृत्तीतल्या साध्या चौकटींना युनिकोड कळत नव्हतं. म्हणून तेव्हाचे मराठी फॉन्ट एक युक्ती करत. आत साठवायचं इंग्रजी अक्षरांच्या जागेवरचं चिन्ह, आणि दाखवताना त्याच्या जागी देवनागरीचा आकार काढायचा. कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नव्हतंच. फॉन्ट असलेल्या मशीनवर खातेदाराचं नाव नीट दिसे. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नावाच्या जागी नुसता चिन्हांचा काला. तरीही लोकांनी हे जमवलं, हाताला बसवलं.

आणि २००२ मध्ये व्हीबी डॉट नेट आलं. नाव जवळपास तेच, आतून घर नवं. टूलबॉक्स पूर्वी डावीकडे उघडी असायची, ती आता कडेला सरकून लपायला लागली. एका नावाखाली अनेक बटणं बांधायची सोय होती, ती गेली. चालू प्रोग्रॅम थांबवून तिथल्या तिथे ओळ दुरुस्त करायची आणि पुढे जायचं, ही व्हीबीवाल्यांची लाडकी सवयही सुरुवातीच्या आवृत्त्यांत नव्हती, ती २००५ मध्ये परत आली. जुना प्रोजेक्ट नव्यात नेणारा एक विझार्ड दिला होता खरा, पण तो काम अर्धवट सोडायचा आणि 'इथे हातानं बघा' अशा शेऱ्यांनी कोड भरून टाकायचा. मराठीवाल्यांपुढे तर दुहेरी काम. नवं घर युनिकोडचं, म्हणजे प्रोग्रॅम बदला आणि वर्षानुवर्षं साठवलेली नावंही रूपांतरित करा.

लोक चिडले. मार्च २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच 'मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल' म्हणून गौरवलेल्या दोनशेहून जास्त जाणकारांनी अर्जावर सह्या केल्या. मागणी काय होती, तर नवं आणा, पण जुनं त्याच्या शेजारी राहू द्या, म्हणजे आम्ही आमच्या वेगानं जाऊ. कंपनीनं मानलं नाही. एप्रिल २००८ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या त्या पडद्याला मिळणारा आधार संपला.

पण एक गोष्ट कंपनीनं केली आणि तिचं श्रेय द्यायला हवं. जुन्या व्हीबीत बनलेले प्रोग्रॅम चालायला लागणारा भाग विंडोजमध्ये ठेवला. तो विंडोज ११ पर्यंत आहे. म्हणजे कारखाना बंद झाला, पण तिथून बाहेर पडलेली गाडी रस्त्यावर चालत राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मोबाइलकडे येऊ. जुलै २०१० मध्ये गूगलनं ॲप इन्व्हेंटर जाहीर केलं. त्यामागे एमआयटीचे प्राध्यापक हॅल एबलसन होते. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून अँड्रॉइड ॲप बनवायचं. वर्षभरात गूगलनं सांगून टाकलं की ३१ डिसेंबर २०११ ला आम्ही हे बंद करतोय, आपापले प्रोजेक्ट उतरवून घ्या. एमआयटीनं ते हातात घेऊन मार्च २०१२ मध्ये पुन्हा सर्वांसाठी उघडलं. मधले दोन महिने लोक झिप फाइल उराशी धरून बसलेले. काम हातात आहे आणि ते उघडायला जागाच नाही, हा प्रकार व्हीबीवाल्यांनी पाहिला नव्हता.

डिसेंबर २०१३ मध्ये ॲप इन्व्हेंटर २ आलं. आधी ठोकळ्यांचा पडदा जावाच्या वेगळ्या खिडकीत उघडायचा, आता तो ब्राउझरमध्येच आला. 'डेफिनिशन' नावाचा कप्पा गेला, त्याच्या जागी 'व्हेरिएबल्स' आणि 'प्रोसीजर्स' असे दोन कप्पे आले. 'माय ब्लॉक्स'चा वेगळा टॅब गेला. जुने प्रोजेक्ट नव्यात आपोआप येत नव्हते. शाळेत शिकवणाऱ्यांनी तयार केलेल्या नोट्स, स्क्रीनशॉट, व्हिडिओ, सगळं एका फटक्यात जुनं. झेरॉक्सवर निदान पेनानं खुणा करता येतात. व्हिडिओला ती सोय नाही, त्यात तो माणूस आत्मविश्वासानं अशा बटणावर बोट ठेवत राहतो जे आता नाहीच.

मग एमआयटीनं चूक केली का? मला नाही वाटत. ब्राउझर तेव्हा जावाला हाकलायच्या बेतात होते आणि २०१५ मध्ये क्रोमनं ते केलंही. जुना पडदा ठेवला असता तरी तो आपोआप मेला असता. शिवाय नवा पडदा नव्या माणसांना खरोखरच सोपा होता. मुंबईत धारावीच्या नया नगरमध्ये नवनीत रंजन यांच्या 'धारावी डायरी' उपक्रमातल्या मुलींनी ॲप इन्व्हेंटरवर ॲप बनवली. एक महिलांच्या सुरक्षेसाठी, एक सार्वजनिक नळावर आपला नंबर कधी येणार ते कळवणारं. त्यांनी सुरुवात केली तेव्हा नवा पडदा आलेला होता, जावाच्या खिडकीचं लफडं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. त्यांच्या दृष्टीनं हा बदल म्हणजे उघडं दार. जो आधीपासून घरात होता, त्याची चावी मात्र निकामी झाली. एकाच बदलाची ही दोन टोकं आहेत. कंपनीच्या तक्त्यात नवे आलेले मोजले जातात. जे गप्प बसून गेले ते मोजायला कोणी बसत नाही.

आपल्याकडे यात सगळ्यात जास्त भरडले गेले ते जिल्हा परिषदेचे शिक्षक, असं माझं मत आहे. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि त्यानंतर 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द गावोगाव पोचला. शिक्षकांनी ब्लॉग काढले, वेबसाइटचा पत्ता टाकला की ॲप करून देणाऱ्या फुकट साइटी वापरून आपल्या ब्लॉगची ॲप केली, प्रश्नमंजूषा बनवल्या. पगारात याचा एक रुपया वाढत नव्हता. २०२० च्या मे-जूनमध्ये, म्हणजे शाळा बंद आणि सगळा अभ्यास फोनवर आलेला असताना, ब्लॉगरनं सगळ्यांना नव्या पडद्यावर न्यायला घेतलं. काही काळ जुन्याकडे परतायची सोय ठेवली होती, ती नंतर गेली. वेळ याहून वाईट निवडता आली नसती.

ॲपचं त्याहून कठीण. २०१८ पासून गूगल प्लेनं नियम केला की ॲप अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीसाठी बांधलेलं हवं. नोव्हेंबर २०२२ पासून, फार मागे पडलेली ॲप नव्या फोनवर नव्याने शोधणाऱ्याला दिसेनाशी झाली. म्हणजे २०१६ चं ॲप नव्या फोनवर दिसावं तर ते प्लॅटफॉर्मवर जाऊन पुन्हा बांधायला हवं. आणि तिथे गेलं तर पडदा वेगळा, कधी प्लॅटफॉर्मच वेगळा. थंकेबलचंच बघा, ॲप इन्व्हेंटरच्या मुळावर उभं राहिलेलं. त्यांनी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी नवं रूप आणलं, तेव्हा जुन्या 'क्लासिक'मधले प्रोजेक्ट तसेच्या तसे तिकडे नेता येत नव्हते. गूगलचं स्वतःचं ॲप मेकर तर जानेवारी २०२१ मध्ये बंदच झालं. आता मघाची ती कारखान्याची गोष्ट आठवा. इथे कारखाना बदलला की रस्त्यावरची गाडीही थांबते.

माझ्यापुरतं एक उदाहरण देतो. प्लॅटफॉर्मचं नाव घेत नाही, कारण हे कोणाकडेही घडलं असतं. आमच्या वाडीतले एक काका काजू बी घेतात. त्यांच्यासाठी एक छोटं ॲप केलं होतं. बी आणणाऱ्याचं नाव, वजन, दर, दिलेले पैसे, आणि जात निवडायला यादी: वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७, गावठी. खाली तीन मोठी बटणं. काकांना चष्म्याशिवाय अंगठ्याच्या अंदाजानं ती सापडायची. ऐन एप्रिलमध्ये, अंगणात पोती उभी असताना, प्लॅटफॉर्मनं नवी मांडणी सगळ्यांना लागू केली. खालची बटणं कडेच्या मेनूत गेली, आणि तो मेनू तीन रेघांच्या एका चिन्हामागे. मी रात्री बसून जमेल तेवढं मागं आणलं, पण मोठी बटणं त्या नव्या मांडणीत बसतच नव्हती. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माका ह्या नको, जुनाच दी." देणार कुठून? जुनं माझ्याकडे नव्हतंच, ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर होतं. तो हंगाम त्यांनी वहीत काढला.

म्हणून कोणी मला 'बदल व्हायलाच हवेत' असं सांगितलं की मी लगेच हो म्हणतो, आणि तीन गोष्टी विचारतो. जुनं किती दिवस शेजारी ठेवणार? बदल कधी करणार, आणि तेव्हा कोणाचा हंगाम चालू असेल? आणि माझं काम मला फाइलच्या रूपात बाहेर नेता येईल का, तेही दुसरीकडे उघडेल अशा फाइलच्या? २००५ च्या त्या अर्जातली मूळ मागणी यातली पहिलीच होती. ती आजही तशीच अर्जावर आहे.

तिसऱ्या प्रश्नाला ॲप इन्व्हेंटरचं उत्तर बरं आहे. प्रोजेक्टची एआयए फाइल उतरवून घेता येते, आणि त्या प्लॅटफॉर्मचा कोडच खुला असल्यामुळे कोणालाही तो स्वतःच्या मशीनवर चालवता येतो. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तर आज रात्री झोपायच्या आधी एक काम करा. आपल्या प्रोजेक्टची प्रत उतरवून घ्या, प्रत मिळत नसेल तर निदान प्रत्येक पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि डेटा तक्त्यात उतरवा. बटण नेमकं कुठल्या मेनूत आहे ते मी सांगत नाही. तुम्ही हा भाग ऐकेपर्यंत ते हललेलं असायचं.