मिनिटाला सहा श्वास

गेल्या वर्षी माझा रक्तदाब १५२/९६ निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितले, "रोज पंधरा मिनिटे सावकाश श्वास घ्या. प्राणायाम म्हणा हवे तर." घरी खालू म्हणाले, "गोळी घे, पण प्राणायाम आपला नाही." एका मित्राने उलटे ऐकवले, "शेवटी आमच्याकडेच आलास!" दोघांचेही गृहीतक एकच होते : श्वासाला धर्म असतो.

इतिहास तसे सांगत नाही. सोळाव्या शतकात शत्तारी सूफी शेख मुहम्मद गौस ग्वालियरी यांनी 'अमृतकुंड' हा योगावरचा ग्रंथ 'बहरुल हयात' या नावाने फारसीत आणला. त्यात आसने आहेत, तशीच श्वासाची साधनाही आहे. गौस यांची कबर ग्वाल्हेरला आहे आणि तिच्याच आवारात तानसेनची. सूफींचे स्वतःचेही श्वासशास्त्र होते. नक्शबंदी परंपरेत 'होश दर दम', म्हणजे प्रत्येक श्वासाचे भान, हा पहिला नियम मानतात. चिश्ती साधक श्वासाबरोबर जिक्र करतात, त्याला 'पास-ए-अनफास' म्हणतात. या मंडळींना योग्यांकडून शिकण्यात इमान बुडेल असे वाटले नाही.

२००१ साली इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधील 'आवे मारिया' आणि योगातला एक मंत्र म्हणायला लावले. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. आपल्या मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रोहिण्यांत रक्ताचा दाब ओळखणारी केंद्रे असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात, मग नाडी मंदावते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. संथ श्वासाने ही यंत्रणा अधिक तत्पर होते. २००५ च्या एका प्रयोगात उच्च रक्तदाबाच्या २० रुग्णांनी श्वास मिनिटाला सहावर आणला, तेव्हा वरचा दाब सरासरी १५० वरून १४१ वर आला. प्रयोग छोटा आणि परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला. म्हणून गोळी सोडण्याचे हे कारण नव्हे. 'नैसर्गिक उपाय' म्हणून औषध बंद करणारे पुढे पक्षाघाताने आडवे झालेले मी पाहिले आहेत.

मी आता इशाच्या नमाजनंतर पाच सेकंद श्वास आत घेतो, पाच सेकंद बाहेर सोडतो. दम कोंडत नाही. गोळीही चालू आहे. खालूंना गौस यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "पाच सेकंद म्हणजे किती मोजायचे?"