कोठा, पेव आणि रेचा

वाड्यावर लिहिणारे दिवाणखान्यात बसून लिहितात. सागवानी खांब, नक्षी, झोपाळा. दोस्तांनो, आपला इतिहास वाड्याच्या मागं आहे. लिहिणारे तिथं गेले नाहीत, अन् जाणाऱ्यांना लिहिता येत नव्हतं.

मी जिनिंगमधला कामगार. दारव्ह्याकडचा. शाळा अर्धी सुटली, वाचलं ते रातपाळीनंतर. म्हणून आधी कापसाचं सांगतो. 1853 साली निजामाचं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, अन् मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड दिसू लागलं. तिकडं कापूस गुलाम वेचत, इकडं आपल्या बाया. पुढं मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी रेल्वे, आपली शकुंतला, दारव्ह्यावरून धावली तीही कापसासाठीच.

वाड्यामागं एक खोली रेच्याची. रुई अन् सरकी तिथं हातानं वेगळी होई. मी मशीनवर करतो तेच काम. जिनिंग फॅक्टऱ्या आल्या अन् त्या खोलीत बैलांची ढेप पडली.

शेजारी कोठा. कवेलूचं छप्पर, मातीच्या भिंती, लाकडी गव्हाण, बाहेर कडब्याची गंजी. सालगडी बैलांजवळच झोपे. गुढीपाडव्याला साल लागायचं, दुसऱ्या पाडव्याला सुटायचं. मधे उचल घेतली की सुटतच नसे. पोळ्याला बैलाची पूजा, गड्याला बोजारा. बैल मेला की ओढायला महारवाड्याला हाक. ती हाक आमच्या गावानं 1956 च्या दीक्षेनंतर ऐकली नाही.

अन् पेव. जमिनीत खोदलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून लिंपून ज्वारी भरायची, तोंड बुजवायचं. बंद पेवात वाईट हवा साचते. म्हणून उघडल्यावर दोरीनं कंदील सोडत. विझला तर थांबायचं. मालकाला घाई असली तर कंदिलाआधी माणूस. उतरणारे आपलेच. माझी आजी सांगे, "पेव रिकामं असलं का उतर म्हणे, भरलं का दूर हो म्हणे." साफ करायला हात चालतो, दाण्याला लागला की विटाळ! पेव म्हंजे नुसती ज्वारी नव्हे, भाव चढेपर्यंत वाट बघायची ताकद. आपल्या घरात मडकं. मडकं वाट बघत नाही.

अमेरिकेत दक्षिणेकडं कापसाच्या मळ्यात असंच मागचं आवार होतं. वेगळं स्वयंपाकघर, मांस धुरावायची खोली, रुईघर, गुलामांच्या झोपड्या. जोतिबांनी 1873 साली 'गुलामगिरी' तिकडं गुलाम मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली ती उगाच नाही. पण एक फरक बघा. गुलामाची झोपडी मालकाच्या आवारात होती, महारवाडा आवारात काय, गावातही नव्हता. गुलाम विकत घेतलेला, मेला तर मालकाचा पैसा बुडे. पेवात मेलेल्या आपल्या माणसानं कुणाचा पैसा बुडाला? बाबासाहेबांनी गुलाम अन् अस्पृश्य यांची तुलना करताना हेच दाखवलं.

वेठबिगारीविरुद्ध कायदा 1976 चा. पाडव्याला साल अजून ठरतं.

वाडे पडताहेत, पेवं बुजताहेत. तुमच्या गावात पेव कुठं होतं, कोण उतरायचं, कोण वर आलं नाही, हे म्हाताऱ्यांना विचारा. नावानिशी लिहून धाडा.