कच्चे, पक्के आणि गणित

केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत २०२० पासून गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका निघू लागल्या. एक ‘स्टँडर्ड’ आणि दुसरी ‘बेसिक’. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या कुटुंबांतील कित्येक नातवंडे याच मंडळाच्या शाळांत जातात. त्यामुळे मुलाने कोणती प्रश्नपत्रिका घ्यावी, हा प्रश्न आपल्याही घरांत येऊन ठेपला आहे. घरातील वडीलधाऱ्यांना तो नवा वाटतो. वस्तुतः तो बराच जुना आहे. इंग्लंडमधील शाळांनी त्यावर अर्धशतकाहून अधिक काळ घालवला, आणि त्या अनुभवात आपल्यासाठी पुष्कळ काही आहे, असे आम्हांस वाटते.

शाळा मूठभरांसाठी होती तोवर हा प्रश्न उद्भवत नव्हता. ज्याला गणित झेपत नसे तो शाळेबाहेर पडे आणि कोणी त्याची नोंदही ठेवत नसे. सर्व मुले शाळेत येऊ लागली की मगच ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ एका बाकावर बसतात. वडोदऱ्याच्या वाचकांना सयाजीराव महाराजांचे स्मरण होईल. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाची सक्ती १८८० मध्ये झाली, परंतु माध्यमिक शाळेचे दार सर्वांना उघडले ते १९४४ च्या कायद्याने. त्या दारातच एक चाळणी बसविलेली होती. अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून थोडी मुले ‘ग्रामर स्कूल’मध्ये जात, बहुसंख्य मुले ‘सेकंडरी मॉडर्न’मध्ये.

ग्रामर स्कूलच्या मुलांसाठी १९५१ पासून ‘ओ लेव्हल’ ही परीक्षा होती. इतरांसाठी १९६५ मध्ये ‘सी.एस.ई.’ सुरू झाली. पहिली परीक्षा साधारण वरच्या वीस टक्के मुलांसाठी आणि दुसरी त्यापुढील चाळीस टक्क्यांसाठी, अशी कल्पना होती. उरलेल्या चाळीस टक्क्यांचे काय, याचे उत्तर कोणत्याच परीक्षेत नव्हते. तीही मुले मग सी.एस.ई.ला बसविली जाऊ लागली आणि मुळात त्यांच्यासाठी नसलेला अभ्यासक्रम त्यांच्या गळी उतरवला जाऊ लागला.

या परिस्थितीचा विचार करण्यासाठी १९७८ मध्ये गणितज्ञ विल्फ्रेड कॉकक्रॉफ्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व १९८२ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल सहसा वाचनीय नसतात. हा त्याला अपवाद आहे. त्यातील एक उदाहरण आम्ही कधी विसरत नाही. ६३९९ या संख्येत एक मिळविल्यास किती? सर्वसाधारण मुलाला हे अकराव्या वर्षी जमते. पण सातव्या वर्षी ६४०० लिहिणारी मुले असतात, आणि चौदाव्या वर्षीही ज्यांना ते जमत नाही अशीही असतात. एकाच वर्गात सात वर्षांचे अंतर! हुशार मुलांचा अभ्यासक्रम वरून छाटत इतरांसाठी आखू नये, तो खालून वर बांधीत न्यावा, असे समितीने सांगितले. मुलाला काय येत नाही हे उघड करणारी परीक्षा नको, काय येते ते दाखविण्याची संधी देणारी हवी, हेही सांगितले. तीस टक्क्यांच्या आसपास गुण मिळवून ‘सर्वसाधारण’ ठरणारे मूल उरलेल्या सत्तर टक्क्यांत केवळ स्वतःची हार पाहते, हे समितीने नेमके हेरले होते.

या विचारातून १९८८ मध्ये दोन्ही परीक्षांच्या जागी ‘जी.सी.एस.ई.’ ही एकच परीक्षा आली. नाव एक झाले; गणितात मात्र तिचे तीन मजले झाले: पायाभूत, मधला आणि वरचा. हेतू चांगलाच होता, कारण मुलाला झेपतील तेवढेच प्रश्न त्याच्या पुढ्यात येणार होते. पण प्रत्येक मजल्याला छत होते. पायाभूत प्रश्नपत्रिका कितीही उत्तम सोडविली तरी प्रारंभी ‘ई’ आणि पुढे ‘डी’पलीकडे श्रेणी मिळत नसे. नोकरी असो वा पुढील शिक्षण, सगळीकडे विचारणा होई ती ‘सी’ची. म्हणजे जे मूल चौदाव्या वर्षी पायाभूत गटात बसविले गेले, ते सोळाव्या वर्षी एकही चूक न करता अनुत्तीर्णांतच जमा होणार हे ठरून गेलेले असे. इतर बहुतेक विषयांत पुढे खालच्या प्रश्नपत्रिकेतूनही ‘सी’ मिळू लागला. गणितात मात्र ही व्यवस्था जवळजवळ वीस वर्षे टिकली. कित्येक मुलांना हे छत आहे याची कल्पनाच नसे, ही यातील सर्वांत दुःखद बाब होय.

खालच्या गटात कोण बसे? डेव्हिड गिलबॉर्न आणि डेबोरा युडेल यांनी लंडनच्या दोन शाळांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय मुले पायाभूत गटात अधिक प्रमाणात ढकलली जात होती, असे त्यात आढळले. ‘कुवत’ हा शब्द वाटतो तितका निरागस नाही. अॅड्रियन स्मिथ यांच्या २००४ च्या अहवालाने दोनच मजले ठेवण्याची शिफारस केली. २००६ मध्ये तसे अध्यापन सुरू झाले, आणि २००८ च्या परीक्षेपासून पायाभूत प्रश्नपत्रिकेतूनही ‘सी’ मिळणे शक्य झाले.

आपल्याकडे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे असे ठरविले. आपले जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. अधिक गती असलेल्या मुलांसाठी आठवीपासून प्रगत पातळीचे अभ्यासक्रम असावेत, हेही आयोगाने सुचविले होते. सक्ती प्रत्यक्षात आली, प्रगत पातळी बव्हंशी कागदावर राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दोन पातळ्यांची कल्पना पुन्हा मांडली, आणि तीही गणितापासून आरंभ करून.

केंद्रीय मंडळाने २०१९ च्या जानेवारीत जी योजना जाहीर केली ती इंग्लंडपेक्षा एका बाबतीत शहाणपणाची आहे. अभ्यासक्रम एक, पुस्तक एक, वर्गही एक. फरक केवळ अखेरच्या प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याचा. चौदाव्या वर्षी कोणाचे गणितच तोडले जात नाही. गुणांनाही छत नाही. छत आहे ते पुढच्या वाटेवर: ‘बेसिक’ घेणाऱ्याने अकरावीत गणित घेऊ नये, अशी मूळ अट होती. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ती सैल करण्यात आली. मुळातही एक फट ठेवलेलीच होती. ‘बेसिक’ उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे मन बदलले, तर त्याला पुरवणी परीक्षेच्या वेळी ‘स्टँडर्ड’ देता येईल, असे मंडळाने पहिल्याच परिपत्रकात नमूद केले होते. आमच्या परिचयातील काही पालकांनी अर्जावर सही केली तेव्हा या तरतुदीची त्यांना गंधवार्ताही नव्हती.